पिठलं खाऊन उपास?

संकष्टी होती, म्हणून पक्या वेफर्सचं पाकीट घेऊन कट्ट्यावर बसलेला. तेवढ्यात विन्या आला. कंपनीची मशिनं बसवायला बारा दिवस इथिओपियात, आदिस अबाबाला होता, त्यामुळे आल्याआल्या सुरूच झाला.

"बुधवारी ऑम्लेट मागितलं तर कॅन्टीनवाली हसायला लागली. म्हणे, त्सोम. म्हणजे तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपास. बुधवार-शुक्रवार मांस, अंडी, दूध, लोणी सगळं बंद. ईस्टरआधीचे सलग 55 दिवस आणखी वेगळे. वर्षाला 180 च्या आसपास जातात!"

"मग खातात काय?"

"इंजेरा. टेफ नावाच्या तिथल्या धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवायचं आणि परातीएवढी आंबोळी घालायची. वर शिरो."

"गोड?"

"शिरा नव्हे रे, शिरो! कडधान्याच्या पिठाचं लालभडक पिठलं."

पक्या उसळलाच. "पिठलं-आंबोळी हाणायची आणि त्याला उपास म्हणायचं?"

"तू तर बोलूच नको," मी म्हटलं. "तुझ्या साबुदाण्याच्या खिचडीतून तूप गळतं, वर वाटीभर दही."

"पण धान्य नसतं त्यात!"

"त्यांच्यात दूध-तूप नसतं. आणि कडक पाळणारे दुपारी तीनपर्यंत पाणीसुद्धा घेत नाहीत," विन्या म्हणाला. "आमची बस चर्चवरून गेली की अर्धी बस छातीवर क्रूस काढायची. ड्रायव्हरसुद्धा, एक हात स्टिअरिंगवर ठेवून."

"आपले रिक्षावाले मारुतीला करतात तसंच," पक्या जरा नरमला.

इतका वेळ गप्प बसलेले सुहासकाका आता बोलले. त्यांचे थोरले भाऊ तिथल्या सम्राट हैले सेलासींच्या राज्यात गणित शिकवायला गेले होते, त्यामुळे या विषयावर त्यांचा वडिलोपार्जित हक्क. "बारा दिवसांत अख्खा देश उपाशी बसवू नकोस. तिथे साधारण तिसरा हिस्सा मुसलमान आहे, प्रोटेस्टंटही भरपूर. ते बुधवार पाळत नाहीत. खाटीकसुद्धा वेगवेगळे, ख्रिश्चनाने कापलेलं मुसलमान खात नाही, मुसलमानाने कापलेलं ख्रिश्चन."

"पण कॉफी एकत्र पितात, काका! मी बघितलंय." विन्या मांडी घालून बसला. "जमिनीवर ओलं गवत पसरलेलं. आजीने हिरव्या बिया धुतल्या, तव्यावर काळ्या होईतो भाजल्या आणि धुराचा तवा एकेकाच्या नाकाखालून फिरवला. बाजूला ऊद जळतोय. मग तीन फेऱ्या: अबोल, तोना, बरका. मी दुसरीनंतर उठायला लागलो तर हात धरून बसवलं. तिसरीत आशीर्वाद असतो म्हणे, तो टाकून जायचं नाही. जेवताना तर तिने इंजेराचा घास करून सरळ माझ्या तोंडात कोंबला. गुर्शा म्हणतात त्याला."

"तुला? अनोळखी माणसाला?"

"पाहुणा म्हणून तर पहिला मला!"

घड्याळाचा घोळ त्याने मग सांगितला. ड्रायव्हर 'सकाळी दोनला येतो' म्हणाला, हा रात्रभर बॅग भरून जागा. तो आला आठला. त्यांचे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात.

टपरीवाला पोऱ्या ग्लास घेऊन आला. विन्याने पक्याकडे बोट दाखवलं. "याला बिनदुधाचा दे. उपास आहे."

पक्याने ट्रेमधला सगळ्यात दाट साईचा ग्लास उचलला.