रेम्ब्रांटचा रंग असेल, पण पोरीच्या ओठावर कशाला?

काल ताईने भाचीचा फोटो पाठवला, फॅन्सी ड्रेसमधला मावळा, आणि मिशी म्हणे 'बिस्टर'ची. तोच फॉरवर्ड ओ, सगळ्या ग्रुपवर फिरतोय: बिस्टर हा जुना डच चित्रकार रेम्ब्रांटचा ब्राऊन रंग, म्हणजे लाकडाची काजळी, त्यालाच सेपिया म्हणतात, घरी उकळून बनवा, शंभर टक्के नॅचरल, मुलांच्या चेहऱ्यालाही चालतो. ताईने लगेच आईच्या जुन्या बंबाची नळी खरवडली, काजळी उकळली, गाळली, डिंक घातला, झालं.

रंग निघतो, मान्य. युरोपात बिस्टर असाच करायचे, बहुतेक बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या काजळीचा. ताईच्या वाटीतही कोऱ्या चहासारखा उतरलाच की. पण दिव्यावर धरलेलं काजळ काळंच राहतं आणि हा ब्राऊन होतो तो का? काजळ म्हणजे जवळपास नुसता कार्बन, आणि बंबाच्या नळीत अर्धवट जळलेल्या लाकडाचा चकचकीत डांबरासारखा थर असतो, ब्राऊनपणा त्याचा. पीएएच म्हणतात ती कॅन्सरवाली द्रव्यंही त्याच थरात. 1775 मध्ये लंडनचा सर्जन पर्सिव्हल पॉट याने लिहून ठेवलंय की धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोशाच्या कातडीचा कॅन्सर होतो, कारण लहानपणापासून काजळी अंगावर बसलेली. ती कोळशाची होती असं कोणीतरी म्हणेलच, पण पीएएच लाकूड जाळूनही तयार होतात. एका मिशीने काही होत नाही हे मलाही कळतं, पण 'नॅचरल म्हणून सेफ' हे कुठलं लॉजिक? बिब्बा पण नॅचरलच आहे, लावा ना गालाला!

सेपिया वेगळा, तो माकुळाच्या शाईचा, आणि चित्रकारांमध्ये चालू झाला 1780 च्या आसपास, जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या सायडलमन नावाच्या चित्रकारामुळे. रेम्ब्रांट वारला 1669 ला. त्याने बिस्टर वापरला असं मानतात, पण त्याची बरीच ब्राऊन दिसणारी रेखाटनं लोहयुक्त शाईची आहेत, ती आधी काळपट होती आणि जुनी होऊन ब्राऊन झाली. नुसतं बघून ओळखता येत नाही म्हणून म्युझियमवाले हल्ली लेबलवर सरळ 'ब्राऊन इंक' लिहून मोकळे होतात.

ताईला सांगितलंय, वाटीतला रंग कागदावर खुशाल वापर, हात धू, आणि पुढच्या वेळी मिशीला तुझी ती आयब्रो पेन्सिल घे.