६०० पोत्यांतली १५ पोती

अमली पदार्थांचा मोठा साठा पकडला गेला की मागणी ठरलेली असते: सीमेवर आणि बंदरांत आणखी स्कॅनर बसवा. बसवायलाच हवेत. पण स्कॅनरमधून ट्रक किंवा कंटेनर बाहेर आल्यावर किती पोती फोडायची, कोणती फोडायची आणि पोत्याच्या तळापर्यंत कसं जायचं, हे सुधारलं नाही तर माल सुटत राहणार.

जून २०१९ मधलं, पंजाबातल्या अटारी सीमेवरचं प्रकरण घ्या. पाकिस्तानातून आलेल्या सैंधव मिठाची ६०० पोती होती आणि ५३२ किलो हेरॉइन त्यातल्या १५ पोत्यांत होतं. आता हिशेब करा. चिठ्ठ्या टाकून १० पोती उघडली, तर त्या पंधरांपैकी एकही हाती न लागण्याची शक्यता ७७ टक्के. ३० उघडली तर ४६ टक्के. ६० उघडली, म्हणजे दहा टक्के माल फोडला, तरी पाचात एकदा सगळंच निसटतं. हा हिशेबही खरोखर चिठ्ठ्या टाकल्या तरच लागू. दारालगतची, हाताला येतील ती पोती काढली तर तो कोसळतो, कारण लपवणारा माणूस माल दाराशी ठेवत नाही. म्हणून सगळी पोती उतरवायची, रांगेत लावायची, क्रमांक टाकायचे आणि कोणती फोडायची ते संगणकाने ठरवायचं. एजंटाने नाही, हमालाने नाही आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्यानेही नाही. यात वेळ जातो, जागा लागते, हमाली वाढते. तो खर्च सरकारने उचलावा असं मला मनापासून वाटतं. प्रामाणिक आयातदाराच्या माथी तो मारू नये.

स्कॅनरची मर्यादा समजून घेऊ. कंटेनरसाठी वापरतात ते सहा एमईव्हीचं (हे किरणांच्या ऊर्जेचं माप) क्ष-किरण यंत्र साधारण ३० सेंटीमीटर पोलादाच्या आरपार पाहतं. कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटर. तेवढ्या रुंदीत मीठ, शंखजिरं किंवा जिप्समची भुकटी भरलेली असेल आणि तिची घनता घनमीटरला १.२ टन धरली, तर किरणांच्या वाटेत जवळपास ३५ सेंटीमीटर पोलादाइतका अडथळा उभा राहतो. पडद्यावर उरतो नुसता काळा ठोकळा. दोन ऊर्जांवर चालणारं यंत्र खनिज आणि सेंद्रिय पदार्थ यांतला फरक दाखवतं खरं, पण एका ओळीत चार पोती मिठाची आणि एक हेरॉइनचं असलं की त्याला पाचांची सरासरी दिसते. हेरॉइन लपवायला अटारीत मीठ, कच्छमधल्या मुंद्रा बंदरात शंखजिरं, २०२२ मध्ये तिथल्याच कांडला बंदरात जिप्सम. एकामागोमाग एक खनिजंच का, याचं एक कारण या काळ्या ठोकळ्यात असावं. असा माल सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर रिकामे करायच्या ठिकाणी, उतरवून एकेक पोतं लहान स्कॅनरमधून काढायला हवं. तिथे जाडी कमी असल्याने फरक दिसतो.

मुंद्र्याला सप्टेंबर २०२१ मध्ये दोन कंटेनरांत मिळून २,९८८ किलो हेरॉइन सापडलं. जम्बो बॅगांच्या खालच्या थरात ते होतं, वर शंखजिऱ्याचे दगड. वरून मूठभर नमुना घेतला असता तर शंखजिरंच हाती आलं असतं. नमुना काढायची पोकळ सळई बॅगेच्या तळाला टेकेल इतकी लांब हवी, आणि चार कोपरे व मध्य अशा पाच ठिकाणी खुपसायला हवी. दगडांत अडली, तर बॅग खालून उघडायची. कागदही बोलत होते: माल अफगाणिस्तानचा, बंदर अब्बासहून आलेला, आयातदाराचा पत्ता विजयवाड्याचा आणि उतरवला कच्छात. विजयवाड्याला चेन्नई, विशाखापट्टण किती जवळ, मग कच्छ कशाला? हा प्रश्न जहाज किनाऱ्याला लागण्यापूर्वी विचारता येतो आणि त्याला यंत्र लागत नाही.

आपल्या न्हावा शेवाला सप्टेंबर २०२२ मध्ये निराळंच समोर आलं. सुमारे २२ टन ज्येष्ठमध होतं आणि त्याच्या काड्यांवरच हेरॉइनचा लेप, सुमारे ३४५ किलो. त्याच वर्षी गुजरातच्या पिपावाव बंदरात हेरॉइनच्या द्रावणात भिजवून वाळवलेलं सूत सापडलं. इथे वेगळा आकार नाही, पोकळी नाही, त्यामुळे क्ष-किरणांना दाखवण्यासारखं काही नाही. इथे स्वॅबचं यंत्रच कामाला येतं: पोतं ज्या पट्टीने (स्वॅबने) पुसलं, तिच्यावरचा अमली पदार्थाचा अंश ते ओळखतं. पण एक हातमोजा घालून दहा पोती पुसली तर पहिल्या पोत्याचा अंश दहाव्यावर जातो. दर पोत्याला नवा मोजा, नवा स्वॅब. यंत्र वाजलं की ते साफ करून कोरा स्वॅब चालवायचा, तो शांत गेला तरच पुढचा नमुना. खनिजाची धूळ आणि उरणच्या पावसाळ्यातली दमट हवा दोन्ही या यंत्राला बाधतात, म्हणून ते वातानुकूलित खोलीत ठेवावं.

श्वानाचं नाक अजूनही अमूल्य आहे, पण धापा टाकणारा श्वान नीट हुंगत नाही. एप्रिलच्या दुपारी तापलेल्या लोखंडी पेटीत त्याला नेऊ नका. पहाटे न्या, वीस-तीस मिनिटांनी विश्रांती द्या, आणि कंटेनरला कीटकनाशक धुरी दिली असेल तर दार उघडून हवा खेळल्याशिवाय श्वानही नको, माणूसही नको.

आणि एक काम आजपासून करता येईल. जो कंटेनर उघडला, त्यात काही सापडो वा न सापडो, आत खरं काय होतं ते स्कॅनरचं चित्र पाहणाऱ्या माणसाला त्याच दिवशी कळवा, चित्राशेजारी नोंदवून ठेवा. निर्दोष सैंधव मिठाची शंभर चित्रं नजरेखालून गेली असतील, तर एकशे एकाव्यात काय खटकतंय हे त्याला कळेल.