वहिनी आईला उपाशी मारत नाहीत

परवा रात्री साडेदहाला वहिनींचा फोन आला. आवाज रडवेला. "वन्सं, मी आत्तीस्नी उपाशी मारालोय काय हो?"

पै-पाहुण्यांच्या ग्रुपवर कुणीतरी एक लांबलचक मजकूर टाकलाय. त्यात म्हटलंय की स्मृतिभ्रंशाच्या शेवटी माणूस जेवत नाही म्हणजे घरचेच त्याला उपाशी मारतात. नाकातून नळी घातली की तो वर्षानुवर्षं जगतो. त्याला दुखलंखुपलं काही कळत नाही. मॉर्फिन म्हणजे मरणाचं औषध. रोज दोन चमचे खोबरेल तेल दिलं की स्मृती परत येते. आणि घरी मरू दिलं तर पोलीस केस होते.

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या घरात वहिनी गेली नऊ वर्षं आईचं करतात. दिवाळीपासून आई अंथरुणाला खिळली आहे. तिला आता नावं आठवत नाहीत, शब्द फुटत नाहीत. एवढं करणाऱ्या वहिनींना रात्री साडेदहाला हे वाचायला लागावं, याचा मला संताप आला.

आधी उपाशी मारण्याचं. गिळणं हे मेंदूचंच काम आहे. हा आजार शेवटी तिथवर पोचतो. आई घास तोंडात धरून बसते, चावायचं विसरते, मग ठसका लागतो. अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या नर्सिंग होममधल्या, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांना सांभाळणाऱ्या संस्थांमधल्या, या आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या ३२३ रुग्णांवर डॉक्टरांनी १८ महिने लक्ष ठेवलं होतं. तो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या जवळपास ८६ टक्के लोकांना खाण्यापिण्याची अडचण आली आणि निम्म्याहून जास्त लोक त्या १८ महिन्यांत गेले. तिथं पगारी परिचारिका होत्या, तरीही. म्हणजे जेवण सुटतं ते आजार शेवटाला आल्यामुळं, सुनेनं हयगय केली म्हणून नव्हे.

आणि नळी. लोकांना वाटतं, नळी घातली की अन्न थेट पोटात, ठसक्याचा प्रश्न मिटला. मिटत नाही. लाळ तोंडात तयार होतच राहते, पोटातलं वर येतं, आणि दोन्ही फुफ्फुसात उतरू शकतात. नळी टोचते म्हणून पेशंट ती ओढतो, मग त्याचे हात बांधतात. आमच्याच पेठेत एका आजोबांचे हात पंच्यानं पलंगाला बांधलेले मी पाहिलेत. ते दिवसभर मनगटं सोडवत असायचे. शेवटचे दिवस असे काढायचे? वृद्धांवर उपचार करणाऱ्या अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१४ साली स्पष्ट सांगितलंय की या टप्प्यावर नळी घालू नये, हातानं जपून भरवावं. नळीनं आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही, उलट अंथरुणातल्या जखमा वाढतात.

वहिनी नेमकं तेच करतात. आईला टेकून बसवतात, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, आणि घास उतरल्याशिवाय दुसरा नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं दूध आईचा जीव की प्राण होतं. पातळ दुधानं ठसका लागतो, म्हणून त्यात नाचणीचं सत्त्व शिजवून दाट करतात. नंतर अर्धा तास आडवं करत नाहीत. आईनं तोंड मिटलं की जबरदस्ती नाही, ओल्या कापसानं ओठ आणि जीभ पुसतात.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. जेवण सुटलं की लगेच "शेवट आला" म्हणून हात टेकणारी घरंही असतात, आणि ते चूक आहे. तोंड आलेलं असतं, कवळी टोचते, पोट साफ नसतं, लघवीत संसर्ग असतो, झोपेच्या गोळीनं गुंगी असते. श्रावणात आईनं तीन दिवस घास घेतला नव्हता. डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं तर जिभेवर पांढरा थर. औषध लावल्यावर खायला लागली. पक्षाघातानंतरच्या काही पेशंटना तर नळीचा खरंच उपयोग होतो. पण मजकूर लिहिणाऱ्यानं हा फरक केलेलाच नाही.

दुखणं कळत नाही, हे तर निखालस खोटं. सांगता येत नाही एवढंच. कूस बदलताना आईच्या कपाळाला आठ्या पडतात, श्वास जोरात होतो, मुठी वळतात, ती कण्हते. डॉक्टर याच खुणांवरून वेदना मोजतात. डॉक्टरांनी बेतानं दिलेल्या मॉर्फिननं वेदना आणि धाप कमी होते, माणूस मरत नाही. पोट मात्र साफ होत नाही, म्हणून सोबत त्याचं औषध द्यावं लागतं. मॉर्फिन गरजूंना मिळावं म्हणून आपल्या संसदेनं २०१४ साली कायदा बदलला, तो काय माणसं मारायला?

खोबरेल तेलानं स्मृती परत येते हे सिद्ध झालेलं नाही. गिळता न येणाऱ्याच्या तोंडात तेल ओतलं तर ते फुफ्फुसात जातं. नका ओतू.

राहिली पोलीस केस. आजारानं घरी मरण येणं हा गुन्हा नाही. नेहमीचे डॉक्टर दाखला देतात, त्यांच्याशी आधी बोलून ठेवावं. उलट सन्मानानं मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी मान्य केलाय. कृत्रिम उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवता येतं, २०२३ पासून त्याला नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते. पण ते शुद्धीत असतानाच लिहायला हवं. आईच्या बाबतीत ती वेळ गेली. मी आणि दादा या महिन्यात आपापलं लिहून ठेवतोय.

ज्या पाहुण्यांनी हा मजकूर ग्रुपवर टाकलाय, त्यांनी तो काढावा, आणि वहिनींना स्वतः फोन करावा.