पाच वाजल्यानंतरचं कॉलेज

भाचीचं बीएस्सी झालं. आता घरात एकच चर्चा: एमएस्सी सोलापूरला केगावच्या विद्यापीठात की कोल्हापूरला? सगळ्यांचं मत केगाव. मोहोळहून जवळ, एसटीचा पास निघतो, पोरगी रोज डोळ्यासमोर. मी एकटी कोल्हापूर म्हणाले. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी स्वतः तीन वर्षं मोहोळ-सोलापूर अप-डाऊन केलंय. शहरातल्या कॉलेजने मला सोलापूर दिलं, ते ऋण मोठं आहे. बाकावर शेजारी पूर्व भागातली तेलुगू बोलणारी मैत्रीण, तिची आई घरी विड्या वळायची. मागच्या बाकावरची अक्कलकोटची, घरी कन्नड. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली की नंदीध्वजांची मिरवणूक बघायला आम्ही सगळ्या एकत्र. असा वर्ग मला पुन्हा कुठे मिळाला नाही.

पण चारचं प्रॅक्टिकल सुरू झालं की माझं अर्धं लक्ष घड्याळात. युवा महोत्सवाच्या एकांकिकेत माझी निवड झाली होती. तालमी पाचनंतर. आठवडाभर धावतपळत स्टँड गाठला, एकदा गाडी चुकली, अण्णा रात्री मोटारसायकलवर न्यायला आले. घरी कोणी रागावलं नाही. दुसऱ्या दिवशी मीच नाव काढून घेतलं. कॉलेजमधलं जे जे चांगलं, ते पाचनंतर सुरू होतं आणि आमच्यासारख्यांची गाडी साडेपाचची असते.

मग एमएस्सीला कोल्हापूर, शिवाजी विद्यापीठाचं हॉस्टेल. सुरुवातीचे पंधरा दिवस रडले. मेसची आमटी घशाखाली उतरेना, शेंगाचटणीचा डबा पुरवून पुरवून खाल्ला. पण एका रात्री ऑर्गॅनिकची एक रिॲक्शन सुटत नव्हती, तर शेजारच्या खोलीतल्या दोघी उठून आल्या आणि दीडपर्यंत आम्ही तिघी वहीवर वाकून. कुणालाच कुठे जायचं नव्हतं. असा वेळ मला तोवर माहीतच नव्हता. खर्डेकर ग्रंथालयातून अंधार पडल्यावर चालत परतणं, त्या वाटेवरच्या गप्पा, त्यात मी जेवढं शिकले तेवढं तासाला शिकले नाही.

शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं, पुढे एकेका समाजासाठी काढत गेले. खेड्यातल्या पोराला शाळेइतकीच रात्री टेकायला जागा लागते, हे त्यांनी तेव्हा ओळखलं होतं.

हॉस्टेलला उणं आहेच. दोन वर्षं विद्यार्थी सोडून कुणाशी धड बोलले नाही, बाजारात भाव काय चाललाय ते कळायचं नाही.

आणि केगावला मी कमी लेखत नाही. २००४ साली सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ झालं, एका जिल्ह्यासाठी. ज्यांना कोल्हापूरला कुणी पाठवलंच नसतं, अशा माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली तिथे एमए, एमएस्सी झाल्या. म्हणून माझा हट्ट कोल्हापूरचा नाहीच, राहण्याचा आहे. केगावला शिकायचं तर केगावला राहू दे. पण हे म्हटलं की लगेच, "एवढ्या जवळ खोली कशाला?" मुलगा असता तर हाच प्रश्न विचारला असता का?

ताईला सांगितलंय, केगाव ठरलं तर हॉस्टेलचा अर्जही प्रवेशाबरोबरच भरायचा. पहिल्या वर्षाचे पैसे मी देते. ती अजून हो म्हणालेली नाही.