छडीच्या वादात गुरुजी एकटेच

गावाकडच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेतला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरू लागला की दोन-तीन दिवस तोच वाद रंगतो. शिक्षकाने पोराला मारलेलं दिसलं तर ‘निलंबित करा’. पोराने शिक्षकाला उलट उत्तर दिलेलं दिसलं तर ‘छडी परत आणा, कायद्यानं पोट्टे बिघडवले’. अशा वेळी परदेशात राहणाऱ्या आम्हा वैदर्भीयांना दोन्ही बाजू साक्षीला बोलावतात. एक म्हणते, तिकडे मुलांना हात लावत नाहीत तरी बघा कशी शिस्त आहे. दुसरी म्हणते, हात लावत नाहीत म्हणूनच तिकडच्या शाळांची वाट लागली. इंग्लंडमधल्या सरकारी शाळेत शिकवताना रोज जे दिसतं ते या दोन्हींत बसत नाही.

इथल्या सरकारी शाळांत छडी 1987 साली कायद्याने बंद झाली. आजच्या बहुतेक शिक्षकांनी ती हातात धरलेली नाही. पण म्हणून वर्ग शांत असतात हा गैरसमज आहे. 2023-24 या एका वर्षात इंग्लंडमध्ये मुलांना तात्पुरतं शाळेबाहेर ठेवण्याचे सुमारे 9 लाख 55 हजार प्रसंग नोंदले गेले, तर जवळपास 10,900 मुलांची नावं शाळेतून कायमची काढली गेली. दोन्हींचं सर्वांत मोठं कारण एकच होतं: वर्गात सतत गोंधळ घालणं. पोरं इथेही पोरंच आहेत.

फरक शिक्षकाच्या पाठीमागे आहे. मुलाने तास बिघडवला की पहिली तोंडी ताकीद, दुसऱ्यांदा जागा बदलणं, तिसऱ्यांदा शिक्षक संगणकावरून निरोप धाडतो आणि त्या तासाला त्याच कामावर नेमलेला वरिष्ठ शिक्षक काही मिनिटांत दारात येतो. मुलाला घेऊन जातो आणि वर्ग पुढे चालू राहतो. त्याच दिवशी नोंद होते, घरी फोन जातो. तेच तेच घडत राहिलं तर विशेष गरजा असलेल्या मुलांचं काम बघणारा समन्वयक त्या नोंदी काढून बसतो. मुलाला शाळेबाहेर ठेवण्याचा अधिकार फक्त मुख्याध्यापकाला आहे, तोही वर्षाला जास्तीत जास्त 45 शालेय दिवस, आणि सलग पाच दिवसांच्या वर गेलं तर सहाव्या दिवसापासून मुलाच्या शिक्षणाची दुसरी सोय करावी लागते. 2006 च्या कायद्याने शिक्षकाला शिस्त लावण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिला आहे. मूल दुसऱ्याला इजा करत असेल तर त्याला धरून थांबवण्याची मुभाही दिली आहे.

आता आपल्याकडचं बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. स्वतंत्र मुख्याध्यापक 150 च्या वर पट गेला तरच. यवतमाळ, वाशिम, गडचिरोलीतल्या छोट्या गावांत एवढा पट येणार कुठून? म्हणजे मुख्याध्यापक म्हणजेच दुसरे गुरुजी, आणि त्यांच्यासमोरही दोन-तीन वर्ग एकत्र बसलेले असतात. त्यातले एक तालुक्याला बैठकीला गेले, प्रशिक्षणाला गेले किंवा मतदार यादीच्या कामाला लागले की उरलेल्या एकट्यापुढे सगळी शाळा. कायद्याचं कलम 27 शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावू नका म्हणतं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांना त्यातून सूट आहे. निवडणुकीचं काम तर आता बारमाही झालं आहे. अशा वर्गात एक पोरगं उठून दुसऱ्याच्या पाठीत गुद्दा घालतं तेव्हा गुरुजी बोलावणार कोणाला?

‘कायद्याने हात बांधले’ ही तक्रार मला म्हणूनच अर्धी पटते. कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, आणि ते योग्यच आहे. मार खाल्लेलं पोर त्या तासापुरतं गप्प बसतं आणि दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारतं. पण मार बंद करताना त्याच्या जागी काय, हे दोन शिक्षकी शाळेला कोणी दिलं नाही. भांडणारी दोन मुलं धरून वेगळी करणं हा मार नव्हे, हेसुद्धा त्या कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, म्हणून शिक्षक घाबरून लांब उभा राहतो. पालक तर सरळ म्हणतात, ‘सर, हाणा त्याले, आमची काई तक्रार नाई.’ तीच माणसं वळ दिसला की संध्याकाळी दारात उभी राहतात.

इंग्लंडची पद्धत जशीच्या तशी उचलावी असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. बाहेर ठेवलेलं मूल परत येतं तेव्हा त्याची मूळ अडचण तशीच असते आणि वर बुडालेला अभ्यास. विशेष गरजा असलेल्या मुलाला मदतीचा आराखडा 20 आठवड्यांत द्यायचा तिथला कायदा आहे, पण निम्म्याच्या आसपास मुलांना तो वेळेत मिळत नाही. आपल्या कायद्याचं कलम 16 प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुणालाही शाळेतून काढू देत नाही. ते कलम राहिलंच पाहिजे. मेळघाटातलं किंवा झरी जामणीतलं पोर शाळेतून काढलं तर त्याला दुसरी शाळा कुठे आहे? घेण्यासारख्या गोष्टी दोनच आहेत: नोंद आणि हाकेला येणारा दुसरा माणूस.

नोंदीला पैसा लागत नाही, म्हणून तिच्याबद्दल नीट सांगतो. साधी शंभर पानी वही घ्यायची. फार त्रास देणाऱ्या एका मुलासाठी, किंवा फार तर दोघांसाठी, दहा शालेय दिवस लिहायचं. वार, वेळ, विषय आणि तीन रकाने: आधी काय चाललं होतं, मुलाने नेमकं काय केलं, नंतर लगेच काय झालं. एका प्रसंगाला दोन ओळी पुरतात. ही वही बहुतेक वेळा फसते ती विशेषणांमुळे. ‘उद्धटपणा केला’, ‘मस्ती केली’ असं लिहिलं की दहा दिवसांनी हाती काही लागत नाही. ‘वाचायला उभं केलं, पुस्तक खाली टाकलं, शेजारच्याला लाथ मारली, वर्गाबाहेर उभं केलं’ असं लिहिलं की चौथ्या-पाचव्या नोंदीला गोम कळते. वाचायची वेळ आली की हा बाहेर जाण्याची सोय करतो आणि आपणच त्याला ती देतो. त्याला वाचता येत नाही, ते चारचौघांत उघडं पडू नये म्हणून त्याचा सगळा आटापिटा. त्याला पहिलीचा मजकूर एकट्याने, आपल्या टेबलाजवळ वाचायला दिला की निम्मा गोंधळ तिथेच थांबतो.

दुसरी खूण वेळेची. गोंधळ रोज पोषण आहाराच्या आधीच्या तासाला होत असेल तर पोर सकाळी काय खाऊन येतं ते विचारा. कापूस वेचणीच्या दिवसांत आई-बाप अंधारात वावरात जातात, चूल थंड असते. उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली की उपाशी येणाऱ्यांची संख्या आणखी वाढते. सोयाबीन सवंगणीला किंवा वेचणीला आठ-दहा दिवस गेलेलं मूल परत येतं तेव्हा धडा कुठल्या कुठे पोचलेला असतो, आणि हाताला काम नसलेलं पोर शेजारच्याला त्रास देणारच. कोरकू, गोंडी, माडिया, कोलामी बोलणारं पहिलीतलं मूल सूचना न कळल्यामुळे इकडेतिकडे बघतं, हसतं, उठतं. त्याला बेशिस्त म्हणून शिक्षा झाली तर ते वर्षभर तोंड उघडत नाही.

खर्ऱ्याबद्दल उघड बोलायलाच हवं, कारण पूर्व विदर्भातल्या शाळांत तो दप्तरातून येतो. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटलेला. सहावी-सातवीतला मुलगा प्रश्न विचारला तरी उत्तर देत नाही, मान खाली घालतो, दर अर्ध्या तासाने बाहेर जायचं म्हणतो. गुरुजींना वाटतं, मुजोर आहे. त्याच्या गालात खर्रा असतो आणि थुंकल्याशिवाय त्याला बोलता येत नाही. खर्रा मिळाला नाही की तासाभरात तो चिडचिड करतो, हात शिवशिवतात, भांडण उकरून काढतो. वर्गासमोर त्याची झडती घेऊ नका. तो लपवायला शिकेल, एवढंच होईल. त्याला एकट्याला बोलवा आणि तोंड पूर्ण उघडायला सांगा. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये जात नसतील तर जबडा आखडायला लागला आहे. त्याला ग्रामीण रुग्णालयातल्या दंतवैद्याकडे पाठवायलाच हवं, आणि हे आई-बापाला घरी जाऊन सांगायला हवं. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला आणि 18 वर्षांखालच्या कुणालाही तो विकायला बंदी आहे. शाळेसमोरच्या पानठेल्याविरुद्ध एकट्या शिक्षकाने तोंड उघडलं तर गावात वैर होतं. तोच ठराव शाळा व्यवस्थापन समितीने करून ग्रामपंचायतीला दिला तर शिक्षक मध्ये येत नाही.

रोजच्या वर्गातही एकट्या माणसाला जमतील अशा गोष्टी आहेत. बहुवर्ग शाळेत गोंधळ पेटतो तो एका वर्गाचं काम संपून दुसरं मिळेपर्यंतच्या मोकळ्या वेळात. मुलं आत यायच्या आधी प्रत्येक वर्गासाठी पाच मिनिटांचं काम फळ्यावर लिहिलेलं असावं आणि लवकर उरकणाऱ्यांसाठी त्याखाली आणखी एक. नियम तीनच असावेत, सगळ्यांना तोंडपाठ. दहा नियम लावणारा शिक्षक आठवड्याभरात स्वतःच विसरतो आणि पोरांना ते बरोबर कळतं. त्रास देणाऱ्या मुलाला मागे दाराशी बसवू नये, अगदी नाकासमोरही नाही. आपण ये-जा करतो त्या बाजूला, रांगेच्या टोकाला, एखाद्या शांत मुलाशेजारी बसवावं. सूचना देताना नाव घ्यायचं, काय करायचं ते एका वाक्यात सांगायचं, मनात दहा अंक मोजायचे आणि तेवढा वेळ गप्प राहायचं. बहुतेक भांडणं या दहा अंकांच्या आत शिक्षकाने तीच सूचना आवाज चढवून पुन्हा दिल्यामुळे वाढतात. मुलगा उलट बोललाच तर वर्गासमोर हुज्जत घालू नये, कारण तिथे माघार घेणं त्याला परवडत नाही. परिणाम छोटा असावा पण ठरलेला असावा: मधल्या सुट्टीतली पाच मिनिटं, सांडलेलं उचलणं, फाडलेलं पान पुन्हा लिहिणं. जेवण कधीही अडवायचं नाही. एकासाठी सगळ्या वर्गाला शिक्षा देऊ नये. त्याने शहाणी मुलंही आपल्यावर उलटतात.

नेहमी शांत असलेलं मूल अचानक मारकुटं झालं, अंगाला हात लावू देईना, घरी जायला घाबरू लागलं, तर ते शिस्तीचं प्रकरण राहत नाही. तिथे मुलांच्या मदतीचा 1098 हा फोन क्रमांक आहे, आणि लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

आता हाकेला येणारा दुसरा माणूस. तो गावात बसवण्याएवढे पैसे शासन देणार नाही, पण शाळांच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, पातळीवर नक्की जमेल. एका केंद्रात सहसा दहा-बारा शाळा असतात. तिथे एक फिरता समुपदेशक आणि एक राखीव शिक्षक असावा. कुणी बैठकीला गेलं, आजारी पडलं तर राखीव शिक्षक त्या शाळेत जाईल. समुपदेशक पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक शाळेत येईल, वही वाचेल, मुलाशी आणि त्याच्या घरी बोलेल. शिक्षक संघटनांनी जुनी पेन्शन आणि बदल्यांइतक्याच जोराने ही मागणी लावून धरावी, असं मला मनापासून वाटतं.

तोवर जे आहे ते वापरावं. केंद्रातल्या शिक्षकांची दर महिन्याला शिक्षण परिषद भरते, तिच्यात एक तास फक्त अशा मुलांसाठी राखावा. प्रत्येक शाळेने एकच वही आणावी आणि बाकीच्यांनी ती वाचून बोलावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी वजन-उंची घेऊन पथक निघून जायच्या आत, वहीतल्या मुलांचे डोळे आणि कान आवर्जून तपासून घ्यावेत. फळा न दिसणारं आणि नीट ऐकू न येणारं मूल वर्गात गोंधळच घालतं. वाचन अजिबात न जमणाऱ्या मुलाचं नाव तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञाकडे लेखी द्यावं आणि पोच घ्यावी. अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोडते, तेव्हा ही मदत उपकार म्हणून मागायची नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. बैठकीत मुलाचं नाव काढू नये. फक्त एवढं ठरवून घ्यावं की गरज पडली तर समितीतले कोणते दोन सदस्य शिक्षकाबरोबर त्या घरी जातील. त्यातली एक बाई असावी, कारण दिवसा घरी बहुधा आजीच भेटते. आणि मूल पाचवीला दुसऱ्या गावी, आश्रमशाळेत किंवा वीटभट्टीवर आई-बापाबरोबर गेलं, तर त्या वहीची नक्कल नव्या गुरुजींच्या हातात पोचवावी. दाखल्यावर फक्त ‘वर्तणूक चांगली’ असतं आणि पुढचा माणूस पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतो.