भालेवाले नेहमी कमीच पडतात

छोट्या शिपायांच्या मूर्ती घेऊन लढाईचा खेळ खेळायचा आणि त्यासाठी सतराव्या शतकातली फौज टेबलावर मांडायची ठरवली, की शत्रू कोण हा प्रश्न मागाहून येतो. आधी दिवाण मोजावा लागतो. या खेळाचं रूढ टेबल सहा फूट बाय चार फूट, आणि वऱ्हाडातल्या घरात या मापाची सपाट जागा एकच असते, ती म्हणजे बैठकीतला दिवाण. जेवणं झाली की त्यावर काकाजी आडवे होतात. म्हणजे लढाई सकाळी सुरू करून बारा-साडेबाराच्या आत निकाली निघाली पाहिजे, आणि तसं व्हायचं तर दोन्ही बाजू मिळून दहा-बारा तुकड्यांच्या वर जाण्यात अर्थ नाही. निवारीच्या खाटेचा विचार मनातही आणू नये. मधोमध झोळ पडतो, दोन्ही सैन्यं आपसूक घसरत एकमेकांच्या अंगावर जातात आणि नियमावलीला काही कामच उरत नाही.

दिवाण मोजून झाला की फिगरींचं, म्हणजे त्या छोट्या मूर्तींचं, माप. २८ मिमी, १५ मिमी, ६ मिमी आणि मऊ प्लास्टिकच्या १/७२ असे मुख्य रस्ते आहेत. शेवटच्यात माणूस साधारण साडेतेवीस मिमी उंच येतो. यात खरा घोळ असा, की २८ मिमी हे माप पुष्कळ ठिकाणी तळव्यापासून डोळ्यांपर्यंत धरतात, तर काही जण डोक्यापर्यंत. हॅटीपर्यंत कोणीच धरत नाही, आणि या शतकात तर जो तो हॅट घालून हिंडतो. त्यामुळं एकाचा २८ मिमीचा शिपाई दुसऱ्याच्या २८ मिमीच्या शिपायाच्या खांद्याला लागतो. आधी एकेक पाकीट मागवून शेजारीशेजारी उभं करून पाहावं. उंची जुळत नसेल तर फिगरी फेकायच्या नाहीत, वेगवेगळ्या तुकड्यांत घालायच्या. एका पट्टीवर, म्हणजे शिपाई ज्यावर चिकटवतात त्या तळपट्टीवर, मिसळल्या की मात्र शेजारच्या काकूही ओळखतात. "ह्यातला एक उपाशी हाये का?" असं विचारतात, आणि त्या खोट्या नसतात.

माझं मत विचाराल तर दिवाणाला १५ मिमी. पायदळाची पट्टी ४० मिमी रुंद, एका पट्टीवर तीन-चार माणसं, नजर टाकली की रेजिमेंट दिसते. २८ मिमीला पट्टी ६० मिमीची. चेहरे, बटणं, मिशा सगळं रंगवता येतं, आणि रंगवता येतं म्हणून रंगवावंच लागतं. ६ मिमीत ब्राइटनफेल्डसारखी अख्खी मोठी लढाई मांडता येते. फक्त समोरच्याला चष्मा लागतो आणि "हे शिपाई हायेत की मुंग्या?" हे ऐकून घ्यायची तयारी लागते.

आता भाले. या शतकाचा सगळा जीव भाल्यात आहे आणि निवडीचा सगळा वैतागही त्यातच. पायदळाचा लांब भाला सोळा फुटांचा, क्वचित अठराचा. हिशेब केला तर २८ मिमीत तो ८६ मिमी येतो, १५ मिमीत ४६, ६ मिमीत १८. फिगरीसोबत ओतलेला धातूचा भाला इतका लांब असला तर पहिल्याच हाताळणीत वाकतो, दुसऱ्यांदा सरळ करताना तुटतो. म्हणून उघड्या मुठीच्या फिगरी घ्याव्यात, हातड्रिलनं मुठीत १ मिमीचं भोक पाडावं आणि ०.८ मिमीची पोलादी तार घालावी. इथं गावात प्रत्येकाकडं स्वस्तातला पर्याय तयार असतो. तुराटी जाड पडते. फड्याची काडी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक आणि मधे पिचकी. सायकलच्या आऱ्या सगळ्यांना सुचतात. आरी २ मिमी जाडीची, म्हणजे २८ मिमीच्या मापात त्या गरीब इंग्रज शेतकऱ्याच्या हातात साडेअकरा सेंटिमीटर जाडीचा ओंडका. तारच घ्या. टोक कानशीनं थोडं बोथट करा आणि तुकडी उचलताना पट्टीला धरून उचला, वरून नाही. पोलादी भाल्यांची सोळा माणसं वरून धरली की लढाईतली पहिली जखम कोणाला होते ते वेगळं सांगायला नको.

भाले उभे की आडवे? आडवे, चालून जाणारे, दिसायला जबरदस्त. पण पट्टीच्या बाहेर तीन-चार सेंटिमीटर येतात, त्यामुळं शत्रूची पट्टी आपल्या पट्टीला टेकतच नाही, आणि फौज ठेवायला मिठाईचा खोका पुरत नाही. नवख्यानं सगळे उभेच घ्यावेत.

संख्येचं गणित कागदावर सोपं आहे. इंग्लंडच्या यादवीत, म्हणजे राजा आणि संसद यांच्यातल्या युद्धात, १६४२ नंतर, एका भालेवाल्यामागं दोन बंदूकवाले हे प्रमाण ठरीव होतं. चोवीस जणांच्या रेजिमेंटीत सोळा बंदुका, आठ भाले. अधिकारी, निशाणवाला आणि ढोलवाला यांतच बसवायचे. १५ मिमीत पायदळाची पाकिटं बहुधा आठाची आणि स्वारांची चाराची मिळतात, तेव्हा जमून जातं. मऊ प्लास्टिकच्या खोक्यात मात्र मूर्तिकाराची कला आडवी येते. त्याला विविधता आवडते. एक जण बार भरतोय, एक हात दाखवतोय, एक गुडघ्यावर, एक मेलेला, आणि भालेवाले हवे त्याच्या निम्मे. दुसरा खोका घेतला की भालेवाले दुप्पट होतात हे खरं, पण मेलेलेही दुप्पट होतात. लढाई सुरू व्हायच्या आधीच इतकी माणसं पडलेली पाहून काकाजी हळहळतात.

शतक म्हटलं की शंभर वर्षांचं आहे, हे विसरून खरेदी करणारे पुष्कळ. १६१८ ला सुरू झालेल्या तीस वर्षांच्या युद्धातल्या फिगरी इंग्लंडच्या यादवीत खपून जातात. १६३० आणि १६४० च्या दशकांत पश्चिम युरोपातला शिपाई बऱ्यापैकी एकाच वेशात असतो. पण तीन कोपरे मुडपलेली हॅट आली की ते शतकाचं अगदी शेवटचं टोक, आणि बंदुकीला संगीन दिसली तर ते पाकीट यादवीतल्या १६४५ च्या नेझबीच्या लढाईसाठी नाही. बंदूक टेकवायचा दुबेळका १६४० च्या सुमारास मागं पडत गेला, तेव्हा दुबेळकेवाले लवकरच्या लढायांना द्यावेत. भालेवाल्याच्या मांड्यांवर लोखंडी पत्रे असतील तर तोही आधीचाच, पुढं ते ओझं शिपायांनी टाकून दिलं. हे तपशील दुकानाच्या चित्रात दिसत नाहीत, चित्रात सगळे शूरच दिसतात.

घोडदळात मोह होतो तो चिलखत्यांचा. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत लोखंड, रंगवायलाही सोपं, काळा हात मारून चंदेरी पुसला की झालं. म्हणून प्रत्येकाच्या फौजेत चिलखती स्वारांच्या तीन रेजिमेंटा असतात. इंग्लंडच्या यादवीत मात्र पुऱ्या चिलखताची रेजिमेंट म्हणावी अशी सर आर्थर हॅसलरिगचीच, तिला लोक 'लॉबस्टर' म्हणत. बाकीचे स्वार चामड्याचा जाड कोट आणि शेपटीवाला टोप यावर भागवायचे. तेव्हा यादवीला एक पाकीट पुरे. ड्रॅगून हा दुसरा सापळा. तो घोड्यावरून येतो आणि उतरून लढतो, म्हणजे चढलेला वेगळा, उतरलेला वेगळा आणि रिकामे घोडे धरून उभा राहणारा तिसरा. एका माणसाचे तिप्पट पैसे. बटईनं शेत करणाऱ्याला हा व्यवहार समजावून सांगायला जाऊ नका.

कोटांचे रंग निवडताना लोक म्हणतात, पांढरा सोपा. राजाच्या बाजूच्या न्यूकॅसल या सरदाराचे पांढरे डगलेवाले १६४४ ला मार्स्टन मूरच्या लढाईत लढले, ते न रंगवलेल्या लोकरीतले. तेव्हा शुभ्र पांढरा नको; राखाडीवर मळकट सायीचा हात द्या आणि वरच्या घड्यांवरच पांढरा. १६४५ च्या संसदेच्या नव्या आदर्श सेनेचा (न्यू मॉडेल आर्मीचा) लाल त्याहून सोपा, तपकिरीवर दोन हात.

हे सगळं निवडलं तरी वऱ्हाडचं हवामान आपली निवड वेगळी करतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं गेला, की फवाऱ्याच्या डब्यातला प्रायमर (रंगाआधीचा पहिला हात) हवेतच वाळतो आणि फिगरीवर पिठूळ थर बसतो. पहाटे अंगणात, हात जवळ धरून, छोटे छोटे फवारे मारावेत, नाहीतर उन्हाळाभर ब्रशनं लावायचा प्रायमरच वापरावा. फेविक्विकही या दिवसांत आळसावतं, कारण घट्ट व्हायला त्याला हवेतला ओलावा लागतो. म्हणून कोणी कूलरसमोर बसतो. वाळ्याचा वास सुरेख येतो, फेविक्विक पटकन धरतं, आणि त्याच ओलसर हवेत मॅट व्हार्निश मारलं की अख्खी फौज दुधाळ होते. १६३२ च्या ल्युट्झेनची लढाई धुक्यात झाली आणि स्वीडनचा राजा गुस्टाव्ह अडॉल्फ तिथंच पडला, एवढं एक समर्थन हाताशी आहे. इतर लढायांसाठी कोरड्या दिवशी चकचकीत व्हार्निशचा पातळ हात द्यावा, बरेचदा दुधाळपणा जातो. मग कोरड्यातच पुन्हा मॅट. खरं तर दिवाळी ते होळी हाच रंगवायचा हंगाम, आणि नेमका तेव्हाच कापूस घरात येतो, त्यामुळं दिवाणावर पोती.

साहित्य निवडतानाही हेच धोरण ठेवावं. मऊ प्लास्टिकवरचा रंग कांद्याच्या टरफलासारखा निघतो. साबणाच्या पाण्यानं धुऊन, पातळ केलेल्या फेविकॉलचा हात देऊन मगच रंग लावावा. थ्रीडी छपाईच्या रेझिनच्या फिगरी देखण्या, पण खिडकीतल्या उन्हात राहिल्या की ठिसूळ होतात आणि बंदुकीच्या नळ्या आधी जातात. जुन्या धातूत शिसं असतं, कानस मारली की हात धुवावेत आणि कीस चुलीपासून, लेकरांपासून लांब ठेवावा. पट्ट्यांना लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घेतला तर पावसाळ्यात त्याची होडी होते. अडीच-तीन मिमीचं एमडीएफ बरं. पट्टीवर माती म्हणून शेतातली काळी अजिबात लावू नये. वाळली की ती आकसते, भेगा पडतात, आणि इंग्लंडच्या हिरवळीवर अकोल्याचा दुष्काळ दिसू लागतो. चहाच्या गाळणीतून चाळलेली नदीची रेती उत्तम.

एवढं झाल्यावर कोणीतरी विचारतंच, "आपल्या राजाचे मावळे कावून नाही घेत?" प्रश्न रास्त आहे. शतक तेच आहे, साल्हेरचं मैदान १६७२ चं. अडचण अशी, की 'भारतीय' म्हणून विकायला असलेल्या पुष्कळ फिगरी दीडशे वर्षं पुढच्या असतात. लाल कोटातले तिलंगे, म्हणजे कंपनी सरकारचे देशी शिपाई, पाहून कोणी भुलू नये. ते १८०३ च्या आपल्या आडगावच्या लढाईला चालतील, शिवरायांच्या काळाला नाही. मोगल म्हणून मिळणारे हलके स्वार घ्यावेत. पागोटं, जामा, ढाल, वाकडी तलवार असलेले बारगीर म्हणूनही चालतात आणि शिलेदार म्हणूनही, कारण घोडा सरकारचा की स्वतःचा हे १५ मिमीत दिसत नाही. पायदळाला तोड्याच्या बंदुका असाव्यात, संगिनी नसाव्यात. वऱ्हाडात मांडायची तर १६७० ची कारंज्याची लूट आहेच. पण लुटीला फौजेपेक्षा बैल जास्त लागतात, आणि लादलेले बैल कोणाच्याच यादीत पुरेसे नसतात.

तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल इथं सगळ्यांना आठवतात. २८ मिमीच्या मापात बैल खांद्यापर्यंत इंचभर हवा. बाजारातला सगळ्यात लहान बैलही त्या मापात हत्ती होतो. तो खुशाल हत्ती म्हणून वापरावा, सोंड एम-सीलची. इंचाचे बैल हवे असतील तर सुताराला पोळ्याच्या आधी नाही, नंतर गाठावं, तेव्हा त्याला सवड असते. आणि चाकं नकोत हे दोनदा सांगावं, नाहीतर तो लावतोच.