नर्मदेत बंद पडलेल्या बोटीबद्दल

राम राम भाऊ,

'सर्व्हिसिंगनंतर चौथ्याच दिवशी इंजिन तापून नर्मदेच्या मधोमध बंद पडलं, वर परत पैसे मागतात, ट्रॅक्टरच्या मिस्त्रीकडे बोट देऊ नका,' असं तुम्ही लिहिलंय. बोटीत माणसं होती, तुमचा राग रास्त आहे. त्या दिवशी दुकानात फोन उचलला गेला नाही, ती चूक आमची.

ट्रॅक्टरचा मिस्त्री मी आहेच. शहाद्यात निम्मं आयुष्य त्यातच गेलं. पण डिझेल इंजिन पोटातून सारखंच असतं. हवा इतकी दाबायची, की ती तापून डिझेल आपोआप पेटतं. ठिणगीचा प्लग लागत नाही. फरक आहे तो थंड ठेवण्यात. ट्रॅक्टरला रेडिएटर आणि पंखा. तुमच्या बोटीत पंप नदीचं पाणी ओढतो, ते इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलरमधून फिरून धुरासोबत बाहेर पडतं. त्या पंपात रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, असतो आणि पाणी हेच त्याचं वंगण. कोरडा फिरला की थोड्या वेळात पाती तुटतात.

तुमचा पंप उघडला तर सहापैकी चार पाती गायब, पाण्याची जाळी गाळाने गच्च. सरदार सरोवर १३८.६८ मीटरला भरलं की काठालाही खोल पाणी असतं. मे महिन्यात ते उतरतं, बोट चिखलाला टेकते, आणि तिथेच इंजिन चालू केलं की पंप गाळ ओढतो. तुटलेले तुकडे कूलरच्या नळ्यांत अडकले होते. ते काढण्यात अख्खी दुपार गेली. नुसता इम्पेलर बदलला असता तर आठवड्यात पुन्हा तेच. दुसरं बिल त्याचं होतं.

आणखी एक, जे तुमच्या रिव्ह्यूत नाही. इंजिन तापल्यावर वाजणाऱ्या भोंग्याची वायर काढलेली होती. बोट आम्ही दिली तेव्हा भोंगा वाजत होता. नावाड्याला विचारा, पण त्याच्यावर ओरडू नका. दिवसभर तो आवाज कानाशी सहन होत नाही, हे मलाही कळतं.

आम्ही ऑइल, फिल्टर, नोझल सगळं केलं, पण उन्हाळ्यात जाळी रोज धुवायची, हे सांगितलं नाही. म्हणून मजुरी परत करतो. इम्पेलरचे पैसे नाही करणार.

तोवर चालू केल्यावर धुरासोबत पाणी पडतंय का ते बघा. नसेल तर लगेच बंद. ऑइल दुधासारखं दिसलं तर चालूच करू नका, फोन करा. रविवारी धडगावकडे येतोय, एक जादा इम्पेलर आणतो आणि भोंग्याची वायरही जोडून देतो.